डॉक्टर सांगतील

धुकं नसतं तर बोट वेळेवर सुटली असती, मी खिडकीपाशी डोळे मिटून बसले असते, आणि ऑरिन लॅम्बर्ट नावाचा माणूस या जगात आहे हे मला कधी कळलंही नसतं. पण जूनमधलं फंडीच्या उपसागराचं धुकं... ते कुणाचं ऐकतंय! ब्लॅक्स हार्बरच्या धक्क्यावर गाड्यांची रांग खोळंबली होती. ग्रँड मनान बेटावरची माणसं गाड्यांना टेकून निवांत गप्पा मारत होती; त्यांना या खोळंब्याची जन्मापासूनची सवय. मी एकटीच सारखी घड्याळ बघत होते. बोटीचा प्रवास मला सोसत नाही, पोटात ढवळतं. बेटावरच्या शाळेत माझी मैत्रीण शिकवते; तिच्या आग्रहाखातर मी अधूनमधून ही शिक्षा भोगायचे.

"हे चघळा. पोट शांत राहतं."

माझ्यापुढे एक कागदी पिशवी आली. आत वाळवलेलं जांभळं शेवाळ होतं... डल्स. बेटावरची माणसं ते चिवड्यासारखं येता-जाता तोंडात टाकतात. मी शेडिॲकच्या फ्रेंच घरातली. आमच्याकडे बटाट्याखेरीज दुसऱ्या कशावर कुणाचा फारसा विश्वास नाही.

"माझं पोट बिघडलंय असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या तोंडाने. बोट अजून दोरांनी बांधलेली आहे आणि तुम्ही आत्ताच पांढऱ्याफटक पडलात!"

बोलणारा उंच, रापलेला, केसांना मिठाचा राठपणा. डोळे मात्र धुक्याच्याच रंगाचे. मी एक तुकडा तोंडात टाकला. खारट, चिवट, समुद्राच्या तळाची चव... आणि खरं सांगते, पोट शांत झालं.

बोट सुटली तेव्हा आम्ही गाड्यांच्या मजल्यावरून वर निघालो. तो पुढे, मी मागे. जिना फार मोठा नाही. पण अर्ध्यावर तो थबकला, कठडा धरला आणि वाकून बुटाची नाडी बांधू लागला.

त्याच्या पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट होते. रबरी बुटांना नाडी नसते.

मी त्याच्या शेजारच्या पायरीवर उभी राहिले. त्याची छाती भराभर वरखाली होत होती.

"किती दिवस बांधताय ही नाडी?" मी विचारलं.

त्याने वर पाहिलं. चोरी पकडली गेल्यावर लहान मुलं हसतात तसा हसला. "गेल्या हिवाळ्यापासून. पण पाण्याखाली काही होत नाही हो. मी पाणबुड्या आहे, तळातून समुद्रसाळू काढतो... ते काटेरी गोळे. पाण्यात मस्त असतो मी. जिनाच तेवढा वैरी झालाय."

"डॉक्टरांना छाती तपासायला सांगा."

"लहानपणी तपासली होती. आवाज येतो म्हणाले, पण काळजीचं काही नाही. माझी आई म्हणायची, याच्या छातीत समुद्र वाजतो."

"समुद्र बाहेरच बरा," मी म्हणाले. "वेळ काढू नका. याच महिन्यात जा."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. मी फक्त हृदयाची चित्रं बघते."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग पिशवी पुन्हा पुढे केली आणि म्हणाला, "मग आणखी थोडं घ्या. चित्रं बघून बघून भूक लागत असेल."

*

जुलैच्या अखेरीस तो माझ्या टेबलावर होता.

माझं काम हृदयाचा इको काढायचं. छातीवर गार जेल लावायचं, हातातला प्रोब फासळ्यांच्या फटीत टेकवायचा, पडद्यावर धडधडणारं हृदय मोजायचं... आणि गप्प बसायचं. हा आमच्या कामाचा सगळ्यात अवघड भाग. जे आहे ते आम्हाला सगळ्यांत आधी दिसतं, पण सांगायचं नाही, सांगणार डॉक्टर. माणूस तिथे उघड्या छातीने पडलेला असतो आणि पडद्यापेक्षा आमच्या तोंडाकडेच जास्त बघतो. म्हणून नव्या मुलींना आम्ही आधी चेहरा शिकवतो. भुवई हलवायची नाही, ओठ दाबायचे नाहीत, 'अरेरे' नाही आणि 'वा' तर मुळीच नाही. कारण आज एकाला 'वा' म्हटलं, की उद्या दुसऱ्याला आपल्या गप्प बसण्याचा अर्थ लागतो.

माझा चेहरा त्या विभागात सगळ्यांत चांगला होता. माझी आई म्हणायची, तुझ्याकडे बघून पाऊस पडतोय की ऊन तेही कळत नाही.

"डाव्या कुशीवर वळा. हात डोक्याखाली."

मी पलंगाच्या कडेवर, त्याच्या पाठीमागे बसले आणि हात त्याच्या छातीपर्यंत नेला. रोज कितीतरी जणांच्या छातीपर्यंत नेते. त्या दिवशी मात्र हा हात माझा आहे याची मला सारखी जाणीव होत होती.

"श्वास सोडा... थांबा."

त्याने श्वास सोडला. मी मापं घेऊ लागले, आणि पडद्यावर जे दिसलं त्यात गुंतून गेले. बऱ्याच वेळाने आवाज आला, "...आता घेऊ का?"

"अहो, घ्या की!"

"तुम्ही सांगितलं नाहीत. मला वाटलं, किती वेळ राहतो ते बघताय."

मला हसू आलं. चेहऱ्यावर नाही, पोटात.

पडद्यावर हसण्यासारखं काही नव्हतं. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक होतं, जन्मापासूनचं. डावीकडचं रक्त प्रत्येक ठोक्याला उजवीकडे घरंगळत होतं. फुप्फुसांतून आत्ताच आलेलं रक्त पुन्हा फुप्फुसांकडे चाललं होतं. बिचारा उजवा भाग आयुष्यभर दुप्पट उपसा करून करून फुगला होता आणि डाव्याला त्याने कोपऱ्यात दाबून टाकलं होतं. आणि हा माणूस पाणबुड्या! खोलातून वर येताना रक्तात हवेचे बारीक बुडबुडे होतात. एरवी फुप्फुसं ते गाळून घेतात. या भोकातून त्यातला एखादा पलीकडे गेला असता, तर थेट मेंदूत पोचला असता. इतकी वर्षं तो निव्वळ नशिबाच्या जोरावर वर येत होता.

"काय दिसलं?" त्याने विचारलं.

"डॉक्टर सांगतील."

"बरं, वाईट की चांगलं, एवढं तरी?"

"डॉक्टर सांगतील."

तो वळला आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला. "तुम्हाला पत्त्यांत कुणी हरवत नसेल, नाही?" असं म्हणून त्याने शर्ट उचलला.

*

भोक बुजवलं सप्टेंबरमध्ये. छाती न उघडता. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेली आणि तिच्यातून तारेच्या जाळीच्या दोन चकत्या सोडल्या, एक भोकाच्या अलीकडे, एक पलीकडे. सदऱ्याचं बटण जसं दोन्ही बाजूंनी कापड धरून बसतं, तशा त्या बसल्या. हे काम डॉ. मॅकॲलिस्टर यांचं. बोलायला रोखठोक, हाताला हलक्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी इको माझ्याकडे होता. जाळी घट्ट होती. आणि उजवा भाग... एका रात्रीत किंचित आत आला होता. डावा, ज्याला आयुष्यभर अर्धपोटी ठेवलं होतं, तो पहिल्यांदाच पुरता भरत होता आणि नव्या सुनेसारखा बावरल्यागत धडधडत होता. मी असे इको पूर्वीही काढले होते. पण त्या सकाळी मला प्रोब खाली ठेवावा लागला, डोळ्यांत पाणी आलं म्हणून. पाठीमागे बसण्याचा हा एक फायदा.

"आतला समुद्र थांबलाय," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "काल रात्री एवढी शांतता होती... मला झोपच आली नाही. तू ऐकलंस का?"

तो 'तू' म्हणाला होता. बेटावरची माणसं अशीच. दोनदा भेटलं की तूवर येतात. मी 'तुम्ही'ला घट्ट धरून होते.

"हलू नका, लॅम्बर्ट."

"बरं, बाई."

त्यानंतर तपासणी असो नसो, तो शहरात येत राहिला. कधी दोरखंड घ्यायला, कधी म्हणे इंजिनाचा भाग. नेमका दुपारच्या सुट्टीत आमच्या कँटीनमध्ये. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी पेशंटबरोबर एका टेबलावर बसत नाही. नियम आहे."

"एका टेबलावर ना?" असं म्हणून तो शेजारच्या टेबलावर बसला, माझ्याकडे पाठ करून. "आता बोलता येईल? की पाठीचाही नियम आहे?"

मग तीच आमची रीत झाली. दोन टेबलं, दोन वाडगे माशाच्या सूपचे, आणि पाठीला पाठ. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, दोन एकटी माणसं स्वतःशी बडबडतायत.

"पाण्याखाली कसं असतं?" एकदा मी माझ्या सूपला विचारलं.

"हिवाळ्यात हिरवं. शांत. वर भरती जोर करत असते, खाली आपला श्वास तेवढा ऐकू येतो. माझ्या बापाने मला तिथे नेलं पहिल्यांदा. तो गेला, बोट मला ठेवून गेला. मला दुसरं काही येत नाही, नोएला. म्हणजे येतं, पण... तिथे मी मी असतो. वर आलो की नुसता कुणीतरी." मागे चमचा थांबला. "मॅकॲलिस्टर बाई म्हणाल्यात, सहा महिन्यांनी तपासतील. जाळीतून काही गळत नसेल आणि उजवी बाजू जागेवर आली असेल, तर परत उतरू देतील. नाहीतर नाही. कायमचं नाही."

"हं."

"हं? एवढंच?"

"सूप गार होतंय तुमचं."

मी असं का बोलले? फंडीच्या हिरव्या पाण्यात तो उतरतोय आणि वर मी कुठेतरी उभी आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मला भीती वाटली. आपल्याला ज्याच्यासाठी अशी भीती वाटते, त्याचं नाव पेशंटांच्या यादीत ठेवू नये. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

*

पुढचा इको ऑक्टोबरच्या शेवटी. तोवर ऑरिन पडदा वाचायला थोडाफार शिकला होता. मी मापं घेताना तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचा. त्या दिवशी त्याने नजर पडद्यावरून हलवलीच नाही.

"ती उजवी भिंत," तो एकदम म्हणाला. "पूर्वी केवढी उसळायची. आता... कमी हलतेय. हो ना?"

खरं होतं. आणि चांगलंही होतं! ती भिंत पूर्वी उसळायची ती ताकद म्हणून नव्हे, तर दुप्पट ओझं उपसण्यापायी. ओझं उतरलं, तशी तिची धावपळ थांबली. सुरुवातीला असंच होतं. हे एका वाक्यात सांगता आलं असतं.

"डॉक्टर सांगतील," मी म्हणाले.

तो वळला. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं... आधीसारखं चिडवायला नव्हे. आधार शोधणाऱ्या माणसासारखं. आणि मी, इतक्या वर्षांच्या सवयीने, काही म्हणजे काही दिसू दिलं नाही.

"समजलो," तो म्हणाला.

तो काय समजला हे मला पंधरवड्यानंतर समजलं. कँटीनमध्ये माझ्या पाठीमागचं टेबल रिकामंच राहू लागलं. दोरखंडाची गरज संपली, इंजिनाचीही संपली. शेवटी मैत्रिणीकडे जायचं म्हणून मी बोटीत बसले. बोटीवर चहाचं दुकान चालवणारी विल्मा बेटावरच्या प्रत्येक घराची खबर ठेवते.

"लॅम्बर्टचा ऑरिन?" ती कप पुसत म्हणाली. "वाईट झालं गं पोराचं. हृदय खचलंय म्हणे त्याचं. बापाची बोट चुलतभावाला देतोय, डेलला. पाण्याचा पोशाखसुद्धा. मॅकॲलिस्टर बाईंनी निरोप ठेवला होता की सगळं ठीक आहे म्हणून, पण तो म्हणतो, डॉक्टर धीर द्यायला काहीही बोलतात. तिथे चित्रं काढणारी एक मुलगी आहे, तिचा चेहरा बघितलाय मी, म्हणतो."

माझ्या हातातला चहा मी तसाच ठेवला. धक्क्यावर उतरलेसुद्धा नाही. त्याच बोटीने परत फिरले. परतीच्या वाटेवर पोटात ढवळलं नाही. त्याची आठवणच झाली नाही.

सोमवारी सकाळी मी डॉ. मॅकॲलिस्टर यांच्या खोलीत उभी होते.

"ऑरिन लॅम्बर्टचे इको यापुढे मला देऊ नका."

त्यांनी चष्मा वर सरकवला. "का?"

"दोन कारणं आहेत. त्याने पडद्यावर बघून भलताच अर्थ काढलाय. त्याला वाटतंय, त्याचं हृदय खचलं. मी सांगू शकत नाही, तुम्ही सांगा. निरोप नको. समोर बसवून."

"आणि दुसरं?"

मी तोंड उघडलं आणि माझा तो नावाजलेला चेहरा... तो दगाबाज त्या दिवशी कामाला आलाच नाही. कानापर्यंत तापला.

"बरं, बरं," त्या हळूच म्हणाल्या. "दुसरं समजलं मला. त्याचे इको बर्टनला देते. आणि नोएला... गोष्ट पुढे जाण्याआधी आलीस हे बरं केलंस."

*

शनिवारी मी बेटावर गेले. त्याची शेड धक्क्याच्या टोकाला होती. दार उघडं होतं. आत खुंटीला काळा पोशाख टांगला होता, खाली शिशाचा पट्टा, जाळीच्या पिशव्या, आणि ऑरिन एका पेटीवर बसून दोर विणत होता. मला बघून तो उठला नाही.

"बाईंनी बोलावलं होतं," तो म्हणाला. "काल. प्लॅस्टिकचं हृदय हातात घेऊन समजावलं. दोन बादल्या उचलून पळणाऱ्या माणसाची एक बादली खाली ठेवली, तर तो सावकाश चालतो. म्हणजे काही लंगडा झाला नाही. असं म्हणाल्या. हृदय ठीक आहे."

"मग?"

"मग काय... लाज वाटतेय. बोट द्यायला निघालो होतो." त्याने दोराची गाठ उगाचच उसवली. "पण तू का नाही सांगितलंस? नुसतं डोळ्यांनी. एवढंसं. मी तुझ्याकडे बघत होतो, नोएला. मला त्या क्षणी दुसऱ्या कुणाचंच खरं वाटलं नसतं."

बाहेर ओहोटी लागली होती. खांबांवरून पाणी उतरल्याचा आवाज येत होता. मी दाराशीच उभी राहिले.

"तुझ्या हृदयाबद्दल मला बोलता येत नाही," मी म्हणाले. "तेव्हाही येत नव्हतं, आत्ताही नाही. मी ती फाइल सोडून आलेय. यापुढे तुझे इको बर्टन काढेल. पण माझ्याबद्दल बोलायला कुणाचा नियम आड येत नाही, म्हणून... म्हणून बोटीने आले. मला तू आवडतोस. पाठीमागच्या टेबलावरून सुद्धा. आणि तू खाली उतरणार या विचाराने मला भीती वाटते. दोन्ही खरं आहे."

त्याने हातातला दोर खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "तू मला 'तू' म्हणालीस."

"म्हणाले."

"आणि चेहरा बघ तुझा. केवढं काय काय दिसतंय त्यावर!" तो उठला, जवळ आला आणि बोटाच्या मागच्या बाजूने माझ्या गालाला हलकेच शिवला. हाताला डांबराचा आणि डल्सचा वास होता. "डेलला सांगतो, बोट देत नाही. मार्चमध्ये बघू काय निघतंय ते. तू म्हणालीस, नको उतरू... तर?"

"नाही म्हणणार."

"का?"

"वर आलास की तू नुसता कुणीतरी असतोस, असं म्हणाला होतास. मला तो कुणीतरी नकोय."

*

मार्चमध्ये मी पहिल्यांदा इकोच्या खोलीच्या दाराबाहेर बसले. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, जुनी मासिकं, माझ्या शेजारी विणकाम करणारी एक आजी. आत बर्टन काय करतोय ते मला पाठ होतं. खाऱ्या पाण्यात किंचित हवा मिसळून दोन सिरिंजांमध्ये ते घुसळायचं, फेसाळ झालं की दंडाच्या शिरेत सोडायचं. मग पडद्यावर उजवा भाग पांढऱ्या बुडबुड्यांनी भरून जातो. 'श्वास रोखून जोर करा,' म्हणायचं, 'आता सोडा.' आणि डाव्या बाजूकडे बघायचं. ती काळी राहिली तर भोक बुजलं. एकही बुडबुडा पलीकडे गेला नाही पाहिजे.

आणि मी तिथे बसून काय मागत होते? सांगायलाच हवं. मी मागत होते, जाऊ दे. एकच जाऊ दे, अगदी चुकार, निरुपद्रवी. म्हणजे तो जगेल, माझ्याजवळ राहील आणि पाण्यात उतरणार नाही. हे मनात आलं आणि माझ्या अंगावर काटा आला. ती सिरिंज आज माझ्या हातात नाही याबद्दल मी मनापासून आभार मानले.

दार उघडलं. ऑरिन बाहेर आला, दंडावर कापसाचा बोळा धरून. मी ताडकन उठले.

"काय झालं?"

त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. भुवई हलली नाही, ओठ हलले नाहीत.

"डॉक्टर सांगतील," तो म्हणाला.

त्या एका क्षणात मला कळलं, मी माणसांना इतकी वर्षं काय देत आले होते. आणि त्याच क्षणी मला हेही कळलं की, मला तो बुडबुडा नको होता. खरंच नको होता. "ऑरिन," मी म्हणाले, "सांग... असं नको करूस."

त्याने माझा हात धरला. त्याचा चेहरा फार वेळ टिकणारा नव्हताच. "एकही गेला नाही," तो म्हणाला. बाकीचं बोलताना त्याचाच आवाज फुटला. "उजवी बाजू जागेवर आली. बाईंनी स्वतः येऊन बघितलं. म्हणाल्या, जा, उतर."

विणकाम करणारी आजी आमच्याकडे बघून उगाच डोळे पुसू लागली.

गाडीत बसल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, दाराबाहेर बसून काय मागितलं ते. वाटलं, रागावेल. तो काच खाली करून पार्किंगमधल्या चिखलाकडे बघत राहिला.

"माझी आई जन्मभर तेच मागायची," तो म्हणाला. "वादळ येऊ दे, इंजिन बिघडू दे, आज यांचं जाणं राहू दे. बेटावरची प्रत्येक बाई मागते. आणि मग डबा भरून देते."

"मला डबा करता येत नाही."

"बटाट्याचं काहीतरी येत असेल की!"

*

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो उतरला. मोसम संपत आला होता, पाणी बर्फासारखं गार, धुकं मात्र नव्हतं. मी बोटीवर होते, तोंडात डल्सचा तुकडा धरून. डेल सुकाणूपाशी. हा डेल फार बोलत नाही. ऑरिनने मुखवटा चढवला, माझ्याकडे बघितलं, आणि पाठीमागे कलंडून पाण्यात गेला. हिरव्या पाण्याने त्याच्यावरून हात फिरवला आणि सगळं पुन्हा सारखं झालं.

"आता?" मी विचारलं.

"बुडबुडे बघ," डेल म्हणाला. "त्याचा श्वास आहे तो. तो जिथे जाईल तिथे ते वर येतात, आपण बोट मागून न्यायची. येत राहिले म्हणजे गडी ठीक."

मी कठड्यावर वाकले. आयुष्यभर मी बुडबुडा दिसू नये म्हणून पडद्याकडे बघत आले होते. आता ते दिसावेत म्हणून बघत होते. आले... पांढरे, एकामागून एक, फुटत, पुन्हा येत. मध्येच थांबले. माझा श्वास थांबला. पुन्हा आले. मी चेहरा सांभाळला नाही. डेलने एकदा माझ्याकडे बघितलं, आणि शहाण्या माणसासारखं दुसरीकडे बघितलं.

किती वेळ गेला, ठाऊक नाही. मग बोटीच्या कडेला पाणी फुटलं आणि त्याचं डोकं वर आलं. गच्च भरलेली जाळीची पिशवी डेलने ओढून घेतली. ऑरिनने मुखवटा कपाळावर सरकवला. ओठ निळे पडले होते, डोळे हसत होते. शिडीवर अर्ध्यापर्यंत चढून तो थांबला. दम लागला म्हणून नव्हे, माझ्या तोंडाकडे बघायला.

"काय दिसलं?" त्याने विचारलं.

या प्रश्नाला मी आजवर एकच उत्तर देत आले होते. त्याला, आणि त्याच्याआधी शेकडो जणांना. मी गुडघ्यांवर बसले, त्याचा गार, ओला चेहरा दोन्ही हातांत घेतला.

"सगळं ठीक आहे," मी म्हणाले.